क्षेत्र कोणाचे, जाणणारी कोण

वसईत होळी, पारनाका, पापडी या जुन्या वस्त्यांमध्ये साठी-सत्तरीच्या बायकांच्या हातात आता मोबाइल आला आहे. पुष्कळदा तो मुलाने वापरून बदललेला फोन असतो, नाहीतर नातवाने हौसेने घेऊन दिलेला. पावले मोजणारे, झोपेचे तास मांडणारे, पाणी प्यायची आठवण करून देणारे एखादे ॲपही त्यात कोणीतरी घालून ठेवलेले असते. घालून देणारा उत्साहात असतो आणि वापरणारी संकोचून जाते. हा संकोच आपण लगेच तंत्राच्या खात्यावर टाकतो. बोट चुकीच्या जागी लागते, अक्षर बारीक दिसते, इंग्रजी कळत नाही. ही कारणे खरी आहेत आणि त्यांवर उपायही आहेत. पण त्यांच्या आधी त्या बाईच्या तोंडून जो प्रश्न येतो तो वेगळाच असतो : ‘आता या वयात मला हे कशाला?’ या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. स्वतःच्या देहाकडे लक्ष देण्याचा अधिकार मला आहे का, असेल तर कोणत्या वयापर्यंत, आणि ज्या दिवसांत देवाकडे लक्ष लावायचे त्या दिवसांत देहाकडे लक्ष देणे हा अधर्म तर नव्हे, अशी मोठी चौकशी त्यात दडलेली आहे. ती चौकशी गंभीरपणे घेतल्याशिवाय म्हाताऱ्या बाईला ॲप शिकवायला बसणे म्हणजे तिच्या प्रश्नाला बगल देणे होय. आणि मला असे वाटते की ज्या धर्मविचाराच्या आधाराने ती स्वतःला मागे खेचते, त्याच धर्मविचारात तिच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे.

संकोच कुठून येतो ते आधी पाहू. आज सत्तरीत असलेल्या स्त्रीच्या लहानपणी घरात तिच्या देहाचा उल्लेख मोजक्याच निमित्तांनी होई : विटाळ, बाळंतपण, आजारपण. तिन्ही निमित्तांत देह ही अडचण होती, झाकायची किंवा निभावून न्यायची. एरवी त्या देहाने फक्त काम करायचे. वसईच्या वाड्यांमधल्या बायकांनी भाजी, फुले, केळी यांचे भारे वाहिले. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा इथल्या कोळणींनी मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन गाड्या पकडल्या. विहिरीचे पाणी, गुरांचा चारा, घरातल्या दहा माणसांचा स्वयंपाक हे सगळे त्याच देहाने केले. त्याची ताकद अफाट होती, पण तिची नोंद कोणी ठेवली नाही आणि ठेवावी असे तिलाही वाटले नाही. देहाची चौकशी सुरू झाली ती तो मोडल्यावर, तीही डॉक्टरांच्या फाइलमध्ये. आणि ती फाइल बहुधा मुलाच्या हातात असते. डॉक्टर प्रश्न विचारतात ते मुलाकडे पाहून, उत्तर देतो तो मुलगाच. ही नोंद न ठेवण्याची सवय केवळ घरापुरती नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ३३ टक्के आणि पुरुषांचे ५७ टक्के निघाले. महाराष्ट्रात स्त्रियांचा आकडा ३८. हे आकडे वारंवार दिले जातात, पण ते फक्त १५ ते ४९ या वयाच्या माणसांचे आहेत हे क्वचित सांगितले जाते. पन्नाशीच्या पुढची बाई या हिशोबातच नाही. वृद्धांच्या पाहणीचे मोठे काम देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार लोकांना भेटून केले, तेव्हा कुठे या वयाच्या देहांचे पद्धतशीर मोजमाप देशपातळीवर झाले. जिच्या देहाची गणना इतकी उशिरा सुरू होते, तिला स्वतःचीच पावले मोजताना अवघडल्यासारखे वाटले तर त्यात नवल नाही.

आता धर्माच्या बाजूने येणारा आक्षेप त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. उतारवय हा देहातून मन काढून घेण्याचा काळ आहे, असे आपली परंपरा सांगते. देह नाशिवंत आहे, तो टाकायचा आहे, त्याची आसक्ती हेच बंधन. तरुणपणी प्रपंचासाठी देह राबवला, आता उरलेली वर्षे नामस्मरणात घालवायची. अशा वेळी मनगटावर पट्टा बांधून हृदयाचे ठोके पाहात बसणे म्हणजे सुटत आलेली गाठ पुन्हा आवळून घेणे. हा आक्षेप उथळ नाही. देहाची चिंता माणसाला किती गिळून टाकते हे आजूबाजूला दिसतेच. म्हणून ‘देह हेच मंदिर’ वगैरे गोड वाक्ये फेकून त्याला उत्तर देता येणार नाही. परंपरेत देहाविषयी तिरस्कार आहे हेही मान्य केले पाहिजे आणि तो तिरस्कार स्त्रीच्या वाट्याला अधिक आला हेही. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी स्त्रीजन्मामुळे बंद झालेल्या वाटांचे दुःख उघडपणे मांडले आहे. पण तिरस्कार हा त्या परंपरेचा शेवटचा शब्द नव्हे. तुकोबांचा एक अभंग देहाच्या निंदेने सुरू होतो, मग त्याच देहाची स्तुती करतो आणि तिसऱ्याच ठिकाणी जाऊन थांबतो : याचे लाड करून भोगात ठेवू नये, याला दुःख देऊन टाकूही नये, हा मुळात वाईटही नाही आणि चांगलाही नाही. इतकी समतोल भूमिका देहाविषयी घेणे फार कठीण असते. लाड आणि छळ दोन्ही टाळायचे तर देहाला काय होते आहे हे आधी कळले पाहिजे.

हे कळणे गीतेच्या तेराव्या अध्यायात आणि तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी केलेल्या त्याच्या विस्तारात मध्यभागी आहे. देह हे क्षेत्र, आणि ते जाणणारा तो क्षेत्रज्ञ. क्षेत्रात केवळ हाडामांसाचा समावेश नाही. इच्छा, द्वेष, सुख, दुःख, धीर हेही तिथे क्षेत्रातच मोडतात. आणि ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतला दोष पुन्हा पुन्हा नीट पाहणे हे एक लक्षण म्हणून दिलेले आहे. यावर कोणी म्हणेल की ते पाहणे वैराग्यासाठी आहे, गुडघे बळकट करण्यासाठी नव्हे. बरोबर आहे. पण वैराग्य आणि दुर्लक्ष या दोन गोष्टींची आपण जी गल्लत करतो ती इथे उघडी पडते. ज्याच्याकडे पाठ फिरवली त्याविषयी वैराग्य येत नाही, फक्त अज्ञान राहते आणि त्या अज्ञानाचे भय मनात घर करते. पायऱ्या चढताना छातीत धडधडते, हे वयाने होते की रोगाने, हे न कळल्यामुळे रात्रभर जागणारी बाई देहातून सुटलेली नसते. उलट ती देहात पुरती अडकलेली असते. तीच बाई जेव्हा पाहते की मागच्या आठवड्यात आपण रोज इतके चाललो, या आठवड्यात थोडे कमी, ठोके अमुक होते आणि विसाव्यानंतर उतरले, तेव्हा देह तिच्यासमोर पाहण्याची वस्तू म्हणून येतो. पाहणारी वेगळी आणि पाहिले जाणारे वेगळे, हे अंतर अशा साध्या नोंदीतूनही पडू शकते. साक्षीभावाची ही अगदी पहिली पायरी आहे, तिला समाधी समजण्याचे कारण नाही. पण आकडा दिसला म्हणजे आसक्ती वाढलीच पाहिजे, हे सिद्ध झालेले नाही, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

वसई हे एकाच परंपरेचे गाव नाही, म्हणून प्रश्न इथे आणखी रुंद होतो. पापडीचे चर्च १९९८ साली स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचे कॅथीड्रल आहे आणि इथल्या कुपारी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती घरांतल्या आज्यांनाही हाच संकोच आहे. त्यांच्यासमोर क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ ठेवून चालणार नाही. ख्रिस्ती श्रद्धेत देह हे टाकून द्यायचे वस्त्र नाही. देहासकट पुनरुत्थान आहे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आणि लगेच पुढे सांगितले की तुम्ही स्वतःच्या मालकीचे नाही. म्हणजे तिथे देहाची काळजी हा विश्वस्ताचा हिशोब आहे. दिलेले परत करायचे आहे. तिकडे नालासोपाऱ्याच्या स्तूपाची बौद्ध परंपरा, जिचे अवशेष १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उजेडात आणले, जाणणारा असा कोणी वेगळा आत्माच मानत नाही. तरीही सतिपट्ठानाच्या, म्हणजे सजग राहण्याच्या, शिकवणीत पहिले स्थान देहाच्या निरीक्षणाला आहे. चालणाऱ्याने आपण चालतो आहोत हे जाणावे, उभ्याने उभे असल्याचे. खाडीपलीकडे गोराईच्या विपश्यना पगोड्यात आजही लोक नेमके हेच शिकायला बसतात. तिन्ही विचार एकच सांगतात असे म्हणणे खोटेपणाचे होईल. एकात देह माझ्याहून वेगळा, दुसऱ्यात तो माझ्या तारणाचा भाग, तिसऱ्यात ‘मी’ हाच प्रश्न. मतभेद इतके खोल असूनही देहाविषयी बेखबर राहण्याला तिघांपैकी कोणीही पुण्य म्हणत नाही. होळीत राहणाऱ्या कोणत्याही धर्माच्या आजीला ‘हे तुमच्या धर्मात बसत नाही’ असे सांगणाऱ्याकडे, म्हणूनच, त्या धर्माचा आधार नाही. त्याच्याकडे फक्त सवयीचा आधार आहे.

मोजण्याचेच पाहा. आकड्यांचे यंत्र या बायकांना परके वाटते असे आपण धरून चालतो, पण मोजणे त्यांच्या श्रद्धेच्या अंगात मुरलेले आहे. जपमाळेचे १०८ मणी, सोमवती अमावास्येला पिंपळाला घातलेल्या १०८ प्रदक्षिणा, वटपौर्णिमेचे सात फेरे, रोझरीची दहा-दहांची पाच दशके, मुसलमान घरातली तसबीह. हिशोब चुकू नये म्हणून प्रदक्षिणेला वाती, फुले किंवा शेंगदाणे मोजून बाजूला ठेवणारी बाई फेऱ्यांचे मापनच करत असते. यावर योग्य हरकत अशी की जपातली संख्या मनाला बांधून ठेवते आणि मन स्थिर झाले की संख्या गळून पडते. ॲपमधली संख्या मात्र चेव आणते, कालच्यापेक्षा आज जास्त, शेजारणीपेक्षा मी जास्त. पदके, फटाके, सलग दिवसांच्या साखळ्या हे सगळे त्या चेवासाठीच रचलेले असते, हे मला नाकारायचे नाही. फळावर नजर ठेवून कर्म करू नये असे शिकलेल्या बाईला हे खटकते, यात तिचीच बाजू खरी आहे. उपायही तिच्याच सवयीत आहे : नेम. नेमाला आकडा असतो, पण तो आधी ठरवलेला, स्वतःच्या आवाक्यातला आणि पुरा झाला की विषय संपणारा असतो. तो वाढवत नेला नाही तर देव रागावत नाही. ॲपचे लक्ष्य तिने नेमासारखे स्वतः ठरवावे, यंत्राने सुचवलेले घेऊ नये, आणि पदकांच्या सूचना बंद करून टाकाव्यात. त्या बंद करता येतात ही माहिती शिकवणारे बहुधा देत नाहीत, कारण त्यांना स्वतःला त्या आवडतात.

यंत्राने सुचवलेले लक्ष्य घेऊ नये म्हणण्याला भावनेपलीकडचा पुरावा आहे. बहुतेक ॲपमध्ये दिवसाला दहा हजार पावले हा आकडा आधीपासून बसवलेला असतो आणि तो वैद्यकशास्त्राने काढला असावा असे सगळ्यांना वाटते. तो आला जपानमधून : १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, तिथे पावले मोजणारे एक उपकरण विक्रीला आले आणि त्याच्या नावातच दहा हजार होते. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, आणि राहिला. म्हाताऱ्या स्त्रियांना खरोखर किती चालणे पुरते हे पुष्कळ उशिरा तपासले गेले. डॉ. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या गटात पुढच्या चारेक वर्षांतले मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते. पावले वाढली तसे ते आणखी घटले, पण साडेसात हजारांच्या आसपास घट थांबली. पावले किती भरभर टाकली याचा, एकूण पावले धरल्यावर, फारसा फरक दिसला नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्या आधीच धडधाकट त्या जास्त चालल्या असेही काही अंशी असू शकते, संशोधकांनी ती शक्यता कमी करण्याचा प्रयत्न केला असला तरी. त्या स्त्रिया वसईच्या नव्हत्या हेही खरे. तरीसुद्धा जी आजी घरातल्या घरात आणि देवळापर्यंत मिळून चार हजार पावले चालते आणि रात्री अर्धेच भरलेले वर्तुळ पाहून स्वतःला कमी समजते, तिला हे सांगणे आपले कर्तव्य आहे. तिने हरण्यासारखे काही केलेलेच नाही. उपकरण विकायला काढलेल्या एका आकड्याने तिला अपराधी ठरवावे आणि आपण ते मुकाट्याने होऊ द्यावे, हे मला सहन होत नाही.

शिवाय पावलांचा आकडा देहाविषयी सगळे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात पासष्टीपुढच्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबर तोल आणि ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावा असे सांगितले आहे. कारण उघड आहे : या वयात पडणे हा मोठा धोका, आणि पडण्यापासून वाचवतो तो तोल. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, टाचा उचलणे, यांपैकी काहीही पावलांच्या खात्यात जमा होत नाही. ‘आम्ही जन्मभर राबलो, आम्हाला कसला व्यायाम शिकवता?’ हा वसईच्या बायकांचा रास्त अभिमान आहे आणि त्याला मान देऊनच उत्तर द्यावे लागते. राबण्याने जी ताकद आली ती विहीर आणि टोपली गेल्यावर टिकत नाही. आता ती मुद्दाम राखावी लागते. आणखी एक फरक आहे. कामातली हालचाल नेहमी दुसऱ्या कोणासाठी होती. अर्धा तास केवळ स्वतःच्या देहासाठी बाजूला काढणे ही तिच्या आयुष्यातली नवी गोष्ट आहे आणि अडखळते ती तिथेच. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका आपण दरवर्षी पाहतो. त्यांच्या पायांवर कोणी शंका घेत नाही. तिथे चालायला विठ्ठलाचे निमित्त आहे. निमित्ताशिवाय चालायची परवानगी तिने स्वतःला द्यायची आहे.

यंत्र चुकते तेव्हा काय, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. न्यायशास्त्राने ज्ञानाची साधने वेगळी केली आहेत. प्रत्यक्ष वेगळे, अनुमान वेगळे, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानायचे ते शब्दप्रमाण वेगळे. फोनला पाऊल दिसत नाही. त्याच्यातला संवेदक हिसके टिपतो आणि या हिसक्यामागे पाऊल असावे असे अनुमान करतो. अनुमान जितके चांगले तितके उपयोगी, पण त्याचा हेतू, म्हणजे ज्या खुणेवरून ते बांधले ती खूण, फसवी निघाली तर निष्कर्षही फसतो. खड्ड्यांतून जाणाऱ्या रिक्षाचे हिसके पावले म्हणून मोजले जाऊ शकतात, आणि पाय घासत हळू चालणाऱ्या बाईची खरी पावले गळू शकतात. संथ चालीत मोजणी कमी पडते हे या उपकरणांचे ज्ञात वैगुण्य आहे. त्याहून साधी अडचण म्हणजे साडीला खिसा नसतो. फोन टीव्हीशेजारी पडून राहतो, बाई दिवसभर घरात, अंगणात, बाजारात फिरते आणि रात्री ॲप तिला सांगते की आज तू जवळजवळ चाललीच नाहीस. इथे खरा आत्मविश्वास कशात आहे? ‘हे यंत्र चुकले’ असे निःशंकपणे म्हणता येण्यात. तिचे दुखणारे पाय हे प्रत्यक्ष प्रमाण आहे, पडद्यावरचा आकडा हे अनुमान. दोघांत विरोध आला तर प्रत्यक्षाला मान द्यायचा. पण जन्मभर तिच्या प्रत्यक्षावर इतरांचे शब्दप्रमाण चढवले गेले. दुखते म्हणाली तर ‘काही नाही होत’ हे ऐकावे लागले, थकले म्हणाली तर ‘आत्ताशी तर दुपार झाली’. ॲप हाती देताना त्यावर विश्वास कसा ठेवायचा एवढेच शिकवले, तर तिच्या आयुष्यातल्या शब्दप्रमाणांत आणखी एकाची भर पडेल. म्हणून फोन बटव्यात घालून कमरेला लावण्याचे दाखवावे, आणि त्याच बैठकीत आकड्यावर अविश्वास कधी ठेवायचा हेही शिकवावे.

आत्मविश्वास दिला जात नाही, तो करण्यातून येतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हे व्यवस्थित मांडले : आपल्याला जमेल ही खात्री सर्वांत जास्त येते ती स्वतः करून जमल्यामुळे, त्याखालोखाल आपल्यासारख्या कोणाला जमलेले पाहून, दुसऱ्याने धीर दिल्याने येणारी खात्री त्या मानाने दुबळी. आपल्याकडे याचे सुंदर उदाहरण शेजारच्या ठाणे जिल्ह्यातच आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने, आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन, दुपारी कामे आटोपल्यावर शाळेत जाऊ लागल्या. त्यांना मुख्यतः काय हवे होते? पोथी स्वतः वाचता यावी. शिकवायला बसली ती गावातलीच सून. या प्रसंगात दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. शिकण्याचे प्रयोजन बायकांच्या श्रद्धेतून आले होते, कोणी ते बाहेरून लादले नव्हते. आणि पोथी वाचून दाखवणारे कोणी ना कोणी त्यांना नेहमीच होते. तरी दुसऱ्याने वाचलेले ऐकणे आणि आपण वाचणे यातला फरक त्यांना स्वतःला ठाऊक होता. पावलांचा आकडा नातवाने वाचून सांगणे आणि आपण तो उघडून पाहणे यात तोच फरक आहे. म्हणून मदत करणाऱ्याने फोन स्वतःच्या हातात घेऊ नये. तिच्या हातातच राहू द्यावा, ती चुकेल तिथे थांबावे. मी करून देतो, पटकन होईल, यात प्रेम असते हे खरे, पण त्या पटकनमुळे ती दरवेळी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. सेवा म्हणून दुसऱ्याचे सगळे आपण करत राहिलो तर ज्याची सेवा करतो त्याचे हात हळूहळू निकामी होतात. हे मुलांच्या बाबतीत आपल्याला कळते, आईच्या बाबतीत कळत नाही. भजनी मंडळ, चर्चचा महिलांचा गट, बचत गट यांत समवयस्क बायका एकमेकींना दाखवू लागल्या तर नातवाच्या घाईचा प्रश्नच उरत नाही. आपल्यासारखीलाच जमले हे दिसणे, बांडुरांच्या भाषेत, दुसऱ्या क्रमांकाचा आधार आहे. भाषेचाही विचार हवा. सरकारचे फिट इंडिया ॲप ऑगस्ट २०२१ मध्ये आले तेव्हा इंग्रजी आणि हिंदीत होते. मराठी वाचणाऱ्या आजीला मराठीतच आकडा दिसला पाहिजे, ही मागणी हक्काची आहे.

तो आकडा कोणाला दिसावा, याबद्दल मात्र घरोघर गोंधळ आहे. मुलगा परदेशात किंवा पुण्यात असतो, काळजीने तो आईचे ॲप स्वतःच्या फोनला जोडून ठेवतो, आणि मग संध्याकाळी फोन येतो : आज कमी का चाललीस? हेतू निर्मळ असतो, परिणाम असा की बाई पुन्हा उत्तर देणारी होते. क्षेत्र तिचे, जाणणारा दुसराच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. तो सरकारपासून आहे, कंपन्यांपासून आहे याची चर्चा झाली, २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आला. मायेच्या माणसांपासूनच्या खासगीपणावर आपण बोलत नाही, कारण माया आणि पाळत एकाच घरात राहू शकतात हे कबूल करणे जड जाते. पडण्याच्या किंवा हृदयविकाराच्या धोक्यात माहिती मुलांपर्यंत जाणे आवश्यक असेल, तेव्हा ती जावीच. पण ते आईला विचारून, तिने होकार दिल्यावर. नको वाटेल तेव्हा ते बंद कसे करायचे हे तिला दाखवून.

एक आक्षेप उरतो आणि तो धर्माचा नसून समाजाचा आहे. आरोग्य हा सार्वजनिक प्रश्न असताना तो म्हातारीच्या फोनात घालून आपण मोकळे होतो. २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत मोकळा, सपाट, उजेडाचा पदपथ किती ठिकाणी आहे? पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या रस्त्यावर सत्तरीच्या बाईने कुठे पाऊल टाकावे? चालायला जागाच नसेल तर मोजणारे यंत्र तिला दोषी ठरवण्यापलीकडे काय करील? हा आक्षेप मला जवळपास पूर्ण मान्य आहे. ॲप पदपथाची जागा घेऊ शकत नाही आणि पदपथाची मागणी ॲपमुळे थंड पडत असेल तर ॲप नको. माझे म्हणणे एवढेच की आपल्या देहाचा हिशोब स्वतःच्या हातात असलेली बाई ती मागणी अधिक ठामपणे करू शकते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपले चालणे निम्म्यावर आले हे ती वॉर्डातल्या सभेत आकड्याने सांगू शकते, आणि आकड्याने बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईला गप्प बसवणे अवघड असते.

या सगळ्यानंतरही काही जणी महिना-दोन महिने ॲप वापरून ते काढून टाकतील. कोणी म्हणेल, मला माझ्या पायांचे कळते. कोणी म्हणेल, माळेची संख्या पुरे. शिकवणाऱ्याला तेव्हा वाईट वाटेल आणि तो पुन्हा समजावू पाहील. त्याने तसे करू नये. न जमल्यामुळे सोडणे आणि जमल्यावर नको म्हणणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या तऱ्हेच्या नकाराला पोचलेल्या बाईचे शिकणे पुरे झालेले आहे. फक्त तिला पुन्हा हवेसे वाटले तर ते ॲप कोणालाही न विचारता परत कसे घ्यायचे, हे तिला आधीच दाखवून ठेवलेले असावे.